आप्पांच्या जांघेतली गाठ, सुईच्या रिपोर्टात 'स्पिंडल सेल' आलंय, कोणाला काही माहिती?

केळीचं_पान (रावेर) | ६ मे, रात्री ११:२०
नमस्कार मंडळी, मी इथं जास्त करून केळीच्या भावाच्या धाग्यावर असतो, आज वेगळंच काम घेऊन आलोय. आमचे आप्पा, वय ५४, शेतकरी, शुगर नाही बीपी नाही, तंबाखू थोडी. उजव्या जांघेत गाठ आहे. दीड वर्ष झालं असेल, पण आम्हाला कळलं संक्रांतीला, तोवर ते कोणाला बोललेच नाहीत, जागाच तशी नं. दुखत बिखत नाही. आधी बोराएवढी होती म्हणे, आता लिंबाएवढी. आजीचं म्हणणं अवधान आलंय, पायात काटा रुतला असेल, उतरेल आपोआप. ते काही उतरलं नाही. मग तालुक्याच्या एका डॉक्टरने हर्निया सांगितला, सोनोग्राफीवाल्याने लिहिलं हर्निया नाही, लिम्फ नोड, म्हणजे आतली लसीकाग्रंथी, मोठा झालाय, मग तिसऱ्याने टीबी असेल म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या काकांनी चालू करू दिल्या नाहीत, म्हणे आधी तपासा. म्हणून जळगावला सुई टाकून तपासलं. आज रिपोर्ट आला. रक्तच जास्त, थोड्या स्पिंडल पेशी, सार्कोमा (स्नायू-चरबी-हाड असल्या भागांचा कॅन्सर) नाकारता येत नाही, बायोप्सी करा. मी गाडीवर बसल्या बसल्या सार्कोमा गूगल केलं नी तिथंच चुकलो. घरी आलो तेव्हापासून आप्पांच्या तोंडाकडे पाहवत नाहीये. कोणाला काही अनुभव असेल तर सांगा.

तापीकाठचा (भुसावळ) | ६ मे, रात्री ११:४१
भो, आधी ते गूगल बंद कर. रेल्वेत ३४ वर्षं काढली, रात्रीच्या ड्युटीत मोबाइल हातात घेऊन स्वतःला चार-पाच कॅन्सर मीही काढलेत. अमळनेरकर डॉक येतील सकाळी, ते हेच काम करतात. तोवर झोप.

सातपुडा_३३ | ७ मे, सकाळी ६:०५
कापाकापी करू नका दादा, गाठीला सुई लागली की ती पसरते. आमच्याकडे बिब्बा तापवून डाग देतात, वरून हळद-चुन्याचा लेप, २१ दिवसांत गाठ बसते, पाहिजे तर पत्ता देतो.

केळीचं_पान | ७ मे, सकाळी ७:३०
बिब्बा झालाय लावून आधीच :( आम्हाला न सांगता लावला होता फेब्रुवारीत. कातडी उतली, पाणी सुटलं, पंधरा दिवस चालता येईना. गाठ होती तशीच.

अमळनेरकर_डॉक | ७ मे, सकाळी ९:१५
केळीचं पान, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, सध्या पुण्यात. तुमच्या आप्पांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे उपचाराचं पत्र समजू नका, धाकट्या भावाला सांगतो तसं सांगतो.

पहिलं म्हणजे स्पिंडल हे रोगाचं नाव नाही, ते पेशीच्या आकाराचं नाव आहे. टकळी पाहिलीये नं सुताची, मधे फुगीर, दोन्ही टोकं निमुळती? तशी पेशी दिसली की आम्ही स्पिंडल लिहितो. आता अशा पेशी जखमेच्या वणात असतात, नसेच्या साध्या गाठीत असतात, स्नायूच्या गाठीत असतात, आणि हो, सार्कोमातही असतात. सुईने ज्या येतात त्या सुट्ट्या पेशी. मूठभर कापूस हातात घेऊन कोणी कापडाची वीण सांगू शकेल का? त्यात तुमच्या नमुन्यात रक्तच जास्त. म्हणून लिहिणाऱ्याने 'नाकारता येत नाही' लिहिलं, मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं. 'आहे' असं कुठं लिहिलंय?

दुसरं, सुईने गाठ पसरते हे सातपुडावाल्यांचं म्हणणं सोडून द्या, बारीक सुईच्या तपासणीत ती भीती जवळजवळ नाहीच. बिब्ब्याने मात्र खरंच नुकसान होतं, कातडी भाजते, आसपासचे नोड त्या जखमेमुळेच सुजतात नी मग खरी गाठ कोणती तेच कळेनासं होतं. सर्जनला बिब्ब्याचं नक्की सांगा, लपवू नका.

तिसरं जरा अवघड आहे पण विचारतो. जांघेतले नोड हे पाय, तळवा, लघवीची जागा, गुद, ढुंगण या सगळ्या भागाचं पाणी गाळतात. आप्पा शेतात अनवाणी असतात का? तळपायाला, टाचेला, बोटांच्या बेचक्यात, नखाखाली काळा डाग, न भरणारी जखम, वाढलेला तीळ असं काही आहे का? नीट उजेडात बघा. तळव्याचा मेलॅनोमा, म्हणजे कातडीतल्या रंगपेशींचा कॅन्सर, असाच गुपचूप जांघेत येतो, आणि त्याच्या पेशी कधीकधी टकळीसारख्याच दिसतात. लघवीच्या जागेची आणि गुदाची तपासणी डॉक्टरांनी केली का तेही विचारा, लाजेपायी ती राहूनच जाते.

कळण्याची_भाकर (धुळे) | ७ मे, दुपारी १:१०
टीबीच्या गोळ्या थांबवल्या ते बरं केलं दादा. माझ्या आईच्या मानेतल्या गाठीला तपास न करताच टीबी ठरवून पाच महिने गोळ्या दिल्या, गोळ्यांनी कावीळ झाली, गाठ तशीच, शेवटी काढून तपासली तर ती थायरॉइडची होती. आपल्याकडे गाठ म्हटलं की टीबी. असतो पण बऱ्याचदा, खोटं नाही, म्हणून तर सगळे आधी तेच धरतात.

अमळनेरकर_डॉक | ७ मे, दुपारी २:००
बरोबर. टीबी आपल्याकडे भरपूर आहे नी तो मानेत जास्त. पण गोळ्या चालू करण्याआधी काहीतरी पुरावा हवा, सुईतल्या पू-मालाची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी चाचणी), नाहीतर स्लाइडवर ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसतात ते पेशींचे पुंजके). यांच्या रिपोर्टात त्यातलं काहीच नाही.

केळीचं_पान | ७ मे, रात्री १०:३०
बॅटरी घेऊन तळपाय पाहिले. भेगा, दोन कुरुपं, बाकी काळं काही नाही. आप्पा म्हणे काय शोधून राह्यला रे, पायाचे ठसे घेतो का माझे. सांगितलं, डॉक्टरने बघायला लावलंय. मग आईला बाहेर पाठवून स्वतःच म्हणाले, ती दुसरी जागा पण बघून घ्या एकदाची, हॉस्पिटलात दाखवतो. माझ्यापेक्षा तेच धीराचे निघाले.

रिकामटेकडा | ८ मे, सकाळी ११:२५
हे सगळं ठीक, पण एकदा ऑपरेशन म्हटलं की डॉक्टर लोकांचं मीटर चालू. सुई झाली, आता बायोप्सी, मग आणखी एक बायोप्सी, मग म्हणतील मुंबईला न्या. एकदाच काय ते का करत नाहीत?

अमळनेरकर_डॉक | ८ मे, दुपारी १२:०५
प्रश्न रास्त आहे. लिंबाएवढी, हलणारी, वरवरची गाठ असेल आणि बाकी तपासण्यांत काही भानगड नसेल तर बरेच सर्जन अख्खी गाठच काढतात, तुकडा नाही. तपास तोच आणि उपचारही तोच होऊन जातो. मोठी, खोल, चिकटलेली असेल तर आधी कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने दोऱ्यासारखे तुकडे घेऊन मग ठरवणं, कारण समजा सार्कोमाच निघाला तर पहिलंच ऑपरेशन अर्धवट झालेलं फार महागात पडतं. हे सर्जनने हात लावून ठरवायचं, मी पुण्यातून नाही. आणि गाठ काढताना फोडायची नाही, वरच्या वेष्टनासकट अख्खी.

ओटी_सिस्टर (शिरपूर) | ८ मे, रात्री ९:५०
मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, आहे बारा वर्षं, एक गोष्ट लिहून घ्या. गाठ काढल्यावर ती फॉर्मलिनमध्येच (नमुना टिकवणारं औषधी पाणी) गेली पाहिजे. सलाईनमध्ये नाही, स्पिरिटमध्ये नाही, कोरड्या डबीत तर नाहीच. गाठीच्या दहापट तरी फॉर्मलिन हवं आणि रुंद तोंडाची बरणी. मी लोकांना इंजेक्शनच्या चिंचोळ्या बाटलीत गाठ कोंबून आणताना पाहिलंय, मधला भाग सडून जातो, मग लॅबवाला काय डोंबल बघणार. बरणीवर नाव, बाजू, तारीख. उजवी का डावी हे विसरतातच. आणि फॉर्मलिन घरात उघडू नका, डोळे चुरचुरतात.

केळीचं_पान | १५ मे, रात्री ८:४०
अपडेट. काल गाठ काढली, अख्खी निघाली. साडेतीन सेंटिमीटर. जळगावला ४५ डिग्री, मी बरणी घेऊन लॅबला, सिस्टर तुमचं ऐकून रुंद तोंडाची घेऊन गेलो तर लॅबवाला पोरगा म्हणे वा, कोणीतरी शिकवलेलं दिसतंय. कापल्यावर आतून करडी-पांढरी नी मधे मधे रक्ताचे काळपट-लाल डाग, सर्जनसाहेबांनी फोटो दाखवला, मला तर आप्पांच्या केळीच्या कांद्याची आठवण झाली.
ऑपरेशनआधी एचआयव्हीची तपासणी करायला सांगितली होती त्यावरून घरात जरा झालंच. काका म्हणे हे काय लावलंय, माणूस काय तसला आहे का. निगेटिव्ह आली. पण ती का करतात?

अमळनेरकर_डॉक | १५ मे, रात्री ९:३०
ऑपरेशनआधी ती बहुतेक ठिकाणी सगळ्यांचीच करतात, त्यात चारित्र्याचा काही संबंध नाही, काकांना सांगा. पण इथं तिचा आणखी एक उपयोग आहे. लिम्फ नोड, टकळीसारख्या पेशी आणि रक्त, हे तिन्ही एकत्र दिसलं की आमच्या डोक्यात कापोसी सार्कोमा येतो, रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींचा कॅन्सर. तो एचआयव्ही असलेल्यांत जास्त दिसतो आणि त्यामागे एचएचव्ही-८ नावाचा विषाणू असतो, तो १९९४ ला सापडला. म्हणजे तुमच्या गाठीचं नाव शोधताना ज्यांच्यावर काट मारायची त्या यादीत तो वरच आहे.

केळीचं_पान | २३ मे, संध्याकाळी ६:१५
रिपोर्ट आला पण गोंधळ वाढला. "स्पिंडल सेल निओप्लाझम, कडेला लिम्फ नोडची पट्टी दिसते, पेशी ओळीत रचलेल्या, श्वानोमा? लो ग्रेड सार्कोमा? आयएचसी करावी." प्रश्नचिन्हं त्यांचीच आहेत. भाचा म्हणतो सरळ मुंबईला जाऊ. गाठ तर निघाली, आता न्यायचं काय?

तापीकाठचा | २३ मे, संध्याकाळी ६:५०
अरे माणसाला कशाला फिरवतो या उन्हात, मेणाची वडी ने. माझ्या मेव्हणीच्या वेळी आम्ही तेच केलं, रात्रीच्या गाडीत बसलो नी ब्लॉक दिला नेऊन, पेशंट घरी भरीत-भाकरी खात होतं.

अमळनेरकर_डॉक | २३ मे, रात्री ८:२०
तापीकाठ म्हणतात ते खरं. गाठीचे काप मेणात बसवून ठेवलेले असतात, तो ब्लॉक. लॅबकडून ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे, आणि पहिल्या रिपोर्टाची झेरॉक्स बरोबर. आयएचसी म्हणजे त्याच ब्लॉकचे नवीन पातळ काप काढून त्यावर वेगवेगळी प्रतिद्रव्यं टाकायची, जी पेशीतल्या ठराविक प्रथिनालाच, म्हणजे मार्करला, चिकटतात नी तपकिरी रंग देतात. एक सांगतो, तुमच्या या रिपोर्टात मला आवडलेली ओळ आहे 'कडेला लिम्फ नोडची पट्टी'. म्हणजे गाठ नोडच्या आतच वाढलीये आणि नोड बिचारा कडेला दाबला गेलाय. हातापायाचा सार्कोमा पसरतो तेव्हा तो बहुतेक रक्तातून फुप्फुसाकडे जातो, नोडात क्वचितच येतो. आज एवढंच, आधी नाव घेऊन मोकळा होणार नाही.

आणि हो, ते मेण साठ अंशांच्या आतबाहेर वितळतं. मे महिन्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर नाहीतर मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नका!

केळीचं_पान | २६ मे, पहाटे ५:१०
ब्लॉक पोचवला. सकाळच्या दशम्यांच्या डब्यात दोन रुमालांत गुंडाळून आणला, शेजारच्या सीटवरचे काका दोनदा म्हणाले, डबा काढा की, जेवून घ्या.

रिकामटेकडा | २६ मे, सकाळी १०:००
आता हे मात्र भारी. किती घेतले?

केळीचं_पान | २६ मे, सकाळी १०:२०
पॅनेलचे बारा हजार. पहिले सहा मार्कर, लागले तर पुढचे.

केळीचं_पान | ५ जून, दुपारी ४:०२
आला!!! "इंट्रानोडल पॅलिसेडेड मायोफायब्रोब्लास्टोमा, बिनाइन." बिनाइन म्हणजे साधी ना डॉक, नक्की ना? खाली लिहिलंय एसएमए पॉझिटिव्ह, सायक्लिन डी१ पॉझिटिव्ह, बीटा-कॅटेनिन केंद्रकात पॉझिटिव्ह, एस-१०० निगेटिव्ह, सीडी३४ निगेटिव्ह, डेस्मिन निगेटिव्ह, एचएचव्ही-८ निगेटिव्ह, केआय-६७ कमी. वाचून हात थरथरताहेत. मला यातलं एक अक्षर कळत नाही पण आईने पेढे आणायला पाठवलंय.

कळण्याची_भाकर | ५ जून, दुपारी ४:१०
देव पावला रे भाऊ. आप्पांना सांगजो, धुळ्याहून एक बहीण मांडे घेऊन येस म्हने.

अमळनेरकर_डॉक | ५ जून, रात्री १०:४५
पेढे खा. बिनाइन म्हणजे साधीच. आज सुट्टी नव्हती म्हणून उशीर, पण आता सविस्तर लिहितो कारण ही गाठ पुष्कळ पॅथॉलॉजिस्टना अख्ख्या नोकरीत एखाददुसरी दिसते, मी स्वतः एकच पाहिलीये आणि तीही दुसऱ्याने नाव ठेवल्यावर.

गंमत अशी की हिची दोन बारशी एकाच साली झाली, १९८९ ला, एकाच अमेरिकन मासिकात. शॅरन वाइस आणि सहकाऱ्यांनी 'पॅलिसेडेड मायोफायब्रोब्लास्टोमा' म्हटलं, म्हणजे पेशी कुंपणाच्या खांबांसारख्या ओळीत उभ्या. सॉल सस्टर आणि हुआन रोझाई यांनी म्हटलं 'रक्तस्राव असलेली नोडातली स्पिंडल पेशींची गाठ, अमियांथॉइड तंतूंसह'. अमियांथस म्हणजे अॅस्बेस्टॉस. स्लाइडवर मधेमधे गुलाबी चांदण्या दिसतात, कोलॅजेनचे तंतू केंद्रातून चहूकडे फाकलेले. त्या चांदण्या, ते खांब, ते रक्त आणि कडेची नोडची पट्टी असं चारही एका स्लाइडवर दिसलं की जाणकाराला रंग लावायच्या आधीच अंदाज येतो. पण अंदाज वेगळा नी रिपोर्ट वेगळा.

आता तुमचे मार्कर. पेशी खांबांसारख्या उभ्या दिसल्या म्हणून पहिल्या लॅबने श्वानोमा लिहिलं, ती नसेच्या आवरणाची गाठ, तिलाही असेच खांब असतात. पण श्वानोमा एस-१०० ला गच्च रंगतो, तुमचा कोरा. मेलॅनोमाही बहुतेक वेळा एस-१०० ला रंगतो, म्हणजे तीही काळजी गेली. कापोसीत सीडी३४ आणि एचएचव्ही-८ येतं, दोन्ही नाही. एसएमए आलं, म्हणजे पेशीत गुळगुळीत स्नायूचं अॅक्टिन आहे, पण डेस्मिन नाही, म्हणजे ती पक्की स्नायूपेशी नाही, अर्धी स्नायू अर्धी तंतू बनवणारी, तीच मायोफायब्रोब्लास्ट. अशा पेशी जांघेतल्या नोडच्या वेष्टनात नी देठापाशी जास्त असतात, म्हणून ही गाठ बहुतेक करून जांघेतच येते, असं मानतात. आणि बीटा-कॅटेनिन. ते एरवी पेशीच्या कडेला असतं, इथं केंद्रकात जाऊन बसलंय. २०१५ साली या गाठींच्या नमुन्यांत त्याच प्रथिनाच्या जनुकात बदल सापडला, तेव्हापासून हा मार्कर फार कामाचा झाला. सायक्लिन डी१ त्याच्याच मागोमाग वाढतं. केआय-६७ कमी म्हणजे पेशी सावकाश वाढताहेत.

पहिल्या लॅबला नावं ठेवू नका. त्यांच्याकडे हे रंग नव्हते, त्यांनी प्रश्नचिन्ह टाकून पुढं पाठवलं, हे सगळ्यात प्रामाणिक काम. माझा राग आहे तो तपास न करता सहा महिन्यांच्या गोळ्या लिहिणाऱ्यावर.

रिकामटेकडा | ५ जून, रात्री ११:०५
डॉक, मग आता केमो बिमो, रेडिएशन?

अमळनेरकर_डॉक | ५ जून, रात्री ११:१२
काहीच नाही. काढली, संपलं. पुन्हा त्याच जागी येणं फार क्वचित, दुसरीकडे पसरत नाही. सर्जन सांगतील तसं अधूनमधून हात लावून दाखवायचं.

केळीचं_पान | ११ जून, रात्री ९:२०
एक शंका. टाके काढले पण जखमेतून पिवळसर पाणी येतंय, रोज एक पट्टी भिजते. ताप नाही. घाबरण्यासारखं आहे का?

ओटी_सिस्टर (शिरपूर) | ११ जून, रात्री १०:००
जांघेतला नोड काढला की कधीकधी लसीका, म्हणजे नोडातून वाहणारं पाणी, गळते, बहुतेकदा थांबते आपोआप. पण उद्याच सर्जनला दाखवा. लालसरपणा, वास, ताप, जखम फुगणं यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. आणि ट्रॅक्टरवर बसू देऊ नका त्यांना, मला माहितीये तुमचे आप्पा काय करत असतील ते.

केळीचं_पान | ११ जून, रात्री १०:०४
तुम्हाला कसं कळलं :) कालच बसले होते.

केळीचं_पान | २ जुलै, सकाळी ८:१५
पाणी थांबलं. ब्लॉक परत आणला, कपाटात सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवलाय, लॅबवाल्याने सांगितलं जपून ठेवा म्हणून. आप्पांना रिपोर्टातलं नाव तीनदा वाचून दाखवलं, शेवटी म्हणाले राहू दे. कोणी विचारलं की सांगतात, अवधान होतं, काढलं. आजी तर सगळ्यांना सांगत फिरते, मी म्हटलंच होतं.

नवी_मेंबर_चोपडा | ९ ऑगस्ट, दुपारी ३:३०
डॉक्टर, जुना धागा वर काढतेय सॉरी, माझ्या मावशीच्या काखेत गाठ होती, मागच्या महिन्यात काढली, आता हॉस्पिटलवाले म्हणतात नमुना तपासायला पाठवलाच नव्हता, गरज वाटली नाही म्हणे. आता काय करता येईल?

अमळनेरकर_डॉक | ९ ऑगस्ट, दुपारी ४:१०
आजच जाऊन विचारा, गाठ टाकून दिली का फॉर्मलिनच्या बरणीत अजून पडून आहे. पडून असेल तर महिना झाला तरी तपासता येते. बरणी हातात आली की नवीन धागा काढा, आणि मावशींचे स्तन तपासून घेतले का तेही लिहा, काखेच्या गाठीत ते सगळ्यात आधी.

नवी_मेंबर_चोपडा | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४५
आहे! बरणी आहे. निघतेय आणायला.